दोन खांबांत तीन गाड्या: पार्किंगचं फेरवाटप करता येतं का?

रावेतची_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आधीचे सेक्रेटरी बदली होऊन नागपूरला गेले आणि एजीएममध्ये सगळ्यांनी खाली मान घालून मोबाईल बघायला सुरुवात केली. मी एकटीच वर बघत होते, त्यामुळे पद माझ्या गळ्यात. तर आता मी सेक्रेटरी. तीन विंग, ९६ फ्लॅट, निम्मे वन बीएचके, निम्मे टू. अॅग्रीमेंट २०१३-१४ ची, कम्प्लीशन २०१६ चं. सोसायटी रजिस्टर झालीय, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून नाही. बिल्डरचा फोन लागतो, बिल्डर लागत नाही.

मेंटेनन्स, पाणी, लिफ्ट हे सगळं मी झेपवीन. पण पार्किंगच्या भांडणांनी डोकं उठलंय. खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, आणि मागच्या ओपनमध्ये मिळून पिवळ्या पट्ट्यांचे ७१ नंबर रंगवलेत. त्यातले ६४ बिल्डरने 'विकले', म्हणजे अॅग्रीमेंटबाहेर वेगळे पैसे घेऊन लेटरहेडवर एका ओळीची पावती दिली: 'आपणांस पार्किंग क्र. अमुक देण्यात येत आहे.' आज स्टिकर दिलेल्या कार ८८ आहेत. उरलेल्या ड्राइव्ह-वेवर, गेटच्या तोंडाशी, नाहीतर बाहेर डीपी रोडवर. रात्री साडेदहानंतर कोणी पाहुणा आला की वॉचमन मलाच फोन करतो.

आणि जे नंबर आहेत तेही धड नाहीत. बी विंगखाली दोन खांबांच्या मध्ये १३, १४, १५ असे तीन नंबर आहेत. मी टेप लावून मोजलं: खांबाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत ६.९५ मीटर. १३ वर स्विफ्ट, १५ वर क्रेटा, मधल्या १४ वर इनोव्हा हायक्रॉस. इनोव्हावाले गृहस्थ साठीचे आहेत. ते गाडी लावतात, इंजिन बंद करतात आणि मग सीट मागे ढकलून, गिअरवरून पाय टाकून डावीकडच्या दाराने उतरतात, कारण त्या बाजूला बोटभर जास्त जागा असते. क्रेटाच्या दाराला त्यांच्या दाराचा निळा रंग लागलाय. त्याची लेखी तक्रार माझ्या फायलीत आहे, फोटोसकट.

तिकडे ए विंगमध्ये एका मेंबरच्या नावावर दोन नंबर आहेत आणि त्यांच्याकडे कार नाही. एक नंबर त्यांनी शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला भाड्याने दिलाय!

मला विचारायचंय ते असं. त्या पावत्यांना काही अर्थ आहे का? सोसायटी सगळं पुसून नव्याने वाटप करू शकते का? आणि काही तरुण मंडळी म्हणतायत की स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाडी ठेवायचं यंत्र, बसवा, प्रश्न मिटला. खरंच मिटतो का?

---

दहिसरकर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दहिसरमधूनच गेलंय. पांचाली सोसायटीचं प्रकरण, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली. ३१ ऑगस्ट २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. बिल्डरचं म्हणणं होतं की स्टिल्टमधली जागा म्हणजे 'गॅरेज', ती मी स्वतंत्र विकू शकतो. कोर्टाने सांगितलं, नाही. मोफा कायद्यात, म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात, स्टिल्ट पार्किंग हे गॅरेज होत नाही. ती सामायिक जागा. उघडी असो की स्टिल्टखालची, बिल्डरला ती फ्लॅटसारखी विकता येत नाही.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर लोक अर्धवट ज्ञान वाटतात. रेरा, म्हणजे घरखरेदीचा नवा कायदा, २०१७ मध्ये पूर्ण लागू झाला. रेराखाली उघडं पार्किंग विकता येत नाहीच, पण महाराष्ट्राच्या नियमांत 'कव्हर्ड पार्किंग' असा वेगळा प्रकार आहे. त्यात बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम आणि मेकॅनिकल हे सगळं येतं, आणि ते अॅग्रीमेंटमध्ये लिहून पैसे घेऊन देता येतं. त्यामुळे आज नवीन फ्लॅट घेणाऱ्याला 'पांचाली'चा दाखला देऊन काही होणार नाही. तुमचं कम्प्लीशन २०१६ चं, म्हणजे तुमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं. अॅग्रीमेंटबाहेरची एका ओळीची पावती तर सोडूनच द्या.

फेरवाटपाचं म्हणाल तर उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, काढा. आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलंय: वाटप सोसायटीने करायचं, एका सभासदाला साधारण एकच जागा, आणि ज्याला मिळाली त्याला ती विकण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा हक्क नाही. जागा शिल्लक राहिली तरच दुसरी, तीही वर्षापुरती आणि ज्याला एकही नाही असा कोणी मागत नसेल तरच. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. शेजारच्या सोसायटीला भाड्याने देणारे तुमचे ए विंगवाले म्हणजे एका फटक्यात तीन नियम मोडणारे.

---

पावती_आहे_माझ्याकडे

दहिसरकर, कायदा ऐकला. आता दुसरी बाजू ऐका.

मी पिंपळे सौदागरला अशाच सोसायटीत राहतो. २०१२ साली पार्किंगचे दोन लाख मोजले. अर्धे चेकने, अर्धे कसे ते तुम्हाला माहीत आहे. त्या वेळी आम्ही सेल्स ऑफिसमध्ये कोर्टाचे निकाल घेऊन बसायचं होतं का? समोरचा म्हणाला, 'पार्किंग घेणार नसाल तर फ्लॅट दुसऱ्याला जाईल.' घेतलं. ज्यांनी तेव्हा पैसे वाचवले आणि चार वर्षांनी गाडी घेतली, ते आज चिठ्ठीत माझ्या नंबरवर बसणार? माझे दोन लाख कोण देणार, सोसायटी?

सेक्रेटरी मॅडम, एक सल्ला. पावतीवाल्यांना चोर ठरवून सुरुवात केलीत तर ती सभा तिथेच संपली म्हणून समजा. ६४ जण एका बाजूला बसतील आणि ठराव पडेल. गणित करा.

---

दहिसरकर

पावतीसाहेब, तुमचा राग रास्त आहे, पत्ता चुकलाय. पैसे बिल्डरने घेतले, सोसायटीने नाही. दावा त्याच्यावर. पण ६४ मतांचं गणित तुम्ही बरोबर मांडलंत, ते ताईंनी लिहून घ्यावं.

---

टेप_आणि_नकाशा

मी आर्किटेक्ट. पंधराएक वर्षं याच पट्ट्यात, वाकड ते रावेत, नकाशे करतोय. ६.९५ वाचल्यावर हसू आलं, कारण हा आकडा मी डोळे मिटून सांगितला असता.

नियमात कारची जागा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब. तीन गाड्या म्हणजे ७.५ मीटर. नकाशावर खांबांचं अंतर सेंटर टू सेंटर मोजून तीन चौकटी बसवतात. मग आरसीसीचा इंजिनिअर खांब जाड करतो, वर प्लास्टर चढतं, आणि आत उरतात सात मीटर. कागदावर तीन, जमिनीवर पावणेतीन. तुमच्या तीन गाड्यांची अंगची रुंदी धरा: स्विफ्ट १.७३५, क्रेटा १.७९, हायक्रॉस १.८५. बेरीज साधारण ५.३८. उरले १.५७ मीटर, ते चार फटींत वाटायचे. फटीला चाळीस सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि आरसे मी धरलेलेच नाहीत. माणूस दारातून सुखाने उतरायला साठ तरी लागतात. तुमचे इनोव्हाकाका कसरत करतात ती उगाच नाही.

ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढला: पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली नेमकी जागा अलॉटमेंट लेटरला आणि अॅग्रीमेंटला जोडायची. बीमखाली गाडी जात नाही, खांबामुळे दार उघडत नाही, असल्या तक्रारींमुळेच. तुम्हाला त्याचा उपयोग नाही, पण नवीन घर घेणाऱ्या वाचकांनी ते पान वाचल्याशिवाय सही करू नये.

सेक्रेटरीबाई, तुम्ही एक काम आधी करा. मंजूर नकाशाची प्रत मिळवा. ब्रोशरमधला रंगीत नकाशा नव्हे, महापालिकेच्या शिक्क्याचा. त्यात पार्किंगचं कोष्टक असतं: कार किती, दुचाकी किती. आणि खाली चौकटी आखलेल्या असतात. ती प्रत हातात घेऊन पार्किंगमध्ये फिरा आणि पिवळे नंबर ताडून बघा. मी पैज लावतो, ७१ भरणार नाहीत.

स्टॅकबद्दल. दोन मजली स्टॅकला खाली एक गाडी, वर एक गाडी, मध्ये पॅलेट. बेताच्या उंचीच्या गाड्या धरल्या तरी सव्वातीन-साडेतीन मीटर मोकळी उंची लागते. तुमच्या वयाच्या बिल्डिंगांत बीमखाली अडीच मीटर मिळाली तर नशीब. म्हणजे स्टिल्टमध्ये बसणार नाही. बाहेर ओपनमध्ये बसवायचं तर बाजूची मोकळी जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी ठेवलेली असते, ती अडवता येत नाही. सेल्समनला हे विचारा, तो विषय बदलेल.

एक शेवटचं. लोक म्हणतात बिल्डरला जास्त पार्किंग सक्तीने द्यायला लावा. गाडीची चौकट साडेबारा चौरस मीटर, पण तिला आत-बाहेर करायला ड्राइव्ह-वे आणि रॅम्प धरले की पंचवीस-तीस होतात. तुमच्या इथला वन बीएचके कारपेट पस्तीसच्या आसपास असेल. म्हणजे माणसांच्या घराएवढं एक घर गाडीला. ते बांधायचा खर्च फ्लॅटच्या भावातच येतो, ज्याच्याकडे कार नाही त्याच्याही. उलट बाजूही आहे: राज्याने नियमावलीत बदल करून बिल्डरांना पार्किंग कमी करायची मुभा दिली, त्याला आव्हान देणारी जनहित याचिका नवी मुंबईच्या एका रहिवाशाने केली होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की जागा नसेल तर एका घराला चार-चार गाड्या घेऊ देऊ नयेत. मी व्यवसायाने बिल्डरांच्या बाजूचा, पण यात कोर्टाशी सहमत.

---

निशीकासाईचा_नाना

तोक्योहून. इथे हे भांडण होत नाही, कारण ते गाडी घ्यायच्या आधीच संपवलेलं असतं.

गाडी नोंदवायची तर आधी पोलीस ठाण्यातून जागेचा दाखला आणायचा. कायदा १९६२ चा. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. अर्जाबरोबर हाताने काढलेला नकाशा, त्यावर जागेची मापं, समोरच्या रस्त्याची रुंदी, आणि जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र. माझ्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने मोठी व्हॅन पसंत केली आणि ती जागेपेक्षा लांब निघाली. गाडी बदलली, जागा नाही. रस्त्याला गॅरेज समजणं हा वेगळा गुन्हा: एकाच ठिकाणी सलग बारा तास किंवा रात्री आठ तासांपेक्षा जास्त गाडी ठेवली की कारवाई.

पण लगेच 'जपान बघा, जपान' करू नका. इथल्या इमारतींत ऐंशी-नव्वदच्या दशकात यांत्रिक पार्किंग भरपूर बसवलं. आता म्हातारी माणसं गाड्या काढून टाकतायत, तरुण घेतच नाहीत, ट्रेन आहे. पॅलेट रिकामे फिरतात, भाडं येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सगळ्या इमारतीच्या डोक्यावर. काही ठिकाणी यंत्र काढून खड्डा बुजवून सपाट करून टाकलंय. स्टॅकवाल्या तरुण मंडळींना हे सांगा.

माझ्याकडे गाडी नाही. त्यामुळे मला बोलायला काय जातंय, असं कोणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

---

रावेतची_सेक्रेटरी

नानासाहेब, आपल्याकडेही परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की महापालिकेचा पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नवी गाडी नोंदवणार नाही. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी होती. माझ्या मनात एकच आलं: दाखला महापालिका देईल, पण तिला कागद लागणार सोसायटीचा, आणि त्यावर सही माझी. ८८ गाड्यांना!

आता टेपवाले साहेबांची पैज. शिक्क्याचा नकाशा आमच्या खजिनदारकाकांच्या कपाटात निघाला, रजिस्ट्रेशनच्या फायलीत. त्यांना तो पाणीपुरवठ्याचा नकाशा वाटत होता. आम्ही दोघं रविवारी सकाळी खाली उतरलो. मंजूर कार: ५८. अठ्ठावन्नपर्यंत पट्ट्या नकाशाशी जुळतात. पुढचे नंबर ए विंगच्या मागे आहेत, तिथे नकाशावर बारीक बारीक चौकटी आहेत, एक बाय दोनच्या. दुचाकींच्या. बिल्डरने दुचाकींच्या जागेवर कारचे नंबर रंगवून विकलेत. म्हणूनच आमच्या सगळ्या स्कूटर जिन्याखाली आणि मीटर रूमच्या दारात. आणि नंबर ६९, ७०, ७१ सरळ ड्राइव्ह-वेवर आहेत, जिथून आगीची गाडी वळायची आहे. दर जानेवारी आणि जुलैला फायरचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, भरतो आपण. ते तीन नंबर तिथे असताना ते कसं भरलं गेलं, हे आता मला विचारू नका.

६९ नंबरचे मेंबर खजिनदारकाकाच आहेत. ते तिथे उभे राहिले, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, 'म्हणजे मी रस्ता विकत घेतलाय.'

---

ठाण्याचा_मोकाशी

आम्ही हे केलंय, घोडबंदरला. कसं केलं ते सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आधी जागा ठरवल्या, मग माणसं. नकाशात नाही तो नंबर रद्द, त्यात कोणाचाही मुलाहिजा नाही, चेअरमनचाही नंबर गेला. मग उरलेल्या जागांचे दोन गट: लांब-रुंद गाडी मावते त्या, आणि छोटी गाडीच मावते त्या. तीन गाड्यांच्या खणांत मधली जागा छोट्या गाडीला किंवा दोन दुचाकींना दिली. चिठ्ठी गटागटात काढली. नाहीतर स्कॉर्पिओवाल्याला अल्टोची जागा लागते आणि परत भांडण.

पावतीवाल्यांचं असं केलं: पहिली दोन वर्षं त्यांना चिठ्ठीतून सूट, पण एकाच जागेची. दुसरी जागा लगेच सोसायटीकडे. कायद्याने ही सूट द्यायलाच हवी होती का? नव्हती. पण सभेत ठराव पास झाला. दोन वर्षांनी सगळे चिठ्ठीत. अपंग सभासद आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी लिफ्टजवळ, कायमच्या.

पैसे हा खरा इलाज. पहिल्या गाडीला जे शुल्क, दुसरीला त्याच्या चौपट, आणि शिल्लक असेल तरच. हे सर्वसाधारण सभेत ठरवून घ्या, कमिटीने परस्पर लावू नका. चौपट लागल्यावर आमच्याकडच्या सात-आठ गाड्या आपोआप गावाला गेल्या. वर्षातून दोनदा सुरू होणाऱ्या गाड्या होत्या त्या, नुसती ताडपत्री पांघरून उभ्या. त्यांच्या मालकांना म्हणे अचानक आठवलं की गावच्या वाड्यात जागा आहे.

चिठ्ठी मुलांच्या हातून काढा आणि व्हिडिओ करा. दरवर्षी एक तरी जण म्हणतो की डबा हलवला नाही.

---

पावती_आहे_माझ्याकडे

मोकाशी, दोन वर्षांची सूट आणि एकच जागा. हे आमच्या कमिटीने असं मांडलं असतं तर मीच अनुमोदन दिलं असतं. ती दुसऱ्या गाडीची चौपट कुणी सुचवली होती, तुम्ही का?

---

ठाण्याचा_मोकाशी

बायकोने. आमच्याकडे दोन गाड्या होत्या तेव्हा. एक विकली.

---

रावेतची_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. मसुदा असा करतेय: मंजूर ५८, त्यातल्या तीनच्या खणांत मधली जागा छोट्या गाडीला, रद्द झालेल्या जागी दुचाकी परत, ड्राइव्ह-वे मोकळा, ज्यांचा नंबर नकाशात आहे त्या पावतीवाल्यांना एक जागा दोन वर्षं, मग चिठ्ठी. उरलेल्या तीसएक गाड्यांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी सभेत तसंच सांगणार आहे. मागच्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटच्या मालकाला महिन्याच्या भाड्याने जागा देणार का विचारलंय, तो 'बघू' म्हणालाय. सभेच्या दिवशी इनोव्हाकाका मुद्दाम टेप घेऊन येणार आहेत.

---

दहिसरकर

ताई, दोन गोष्टी. वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी, आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत. पार्किंग हा विषय अजेंड्यावर स्वतंत्र क्रमांकाने लिहा, ठरावाच्या मसुद्यासकट, सोबत मंजूर नकाशाची झेरॉक्स जोडा. 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलला तर पहिला माणूस उपनिबंधकाकडे जाईल आणि ठराव तिथेच अडकेल. आणि नोटीस प्रत्येक घरी सही घेऊन द्या. ए विंगच्या दोन नंबरवाल्यांना रजिस्टर एडीने सुद्धा.